रक्तगट आणि आपलं ताट : वाचकांचे प्रश्न

आहाराबद्दलच्या या सदरासाठी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत यावेळी एकच विषय पुन्हापुन्हा येतो आहे. रक्तगटानुसार जेवायचं, की साखर-मैदा सोडून धान्य, डाळी, भाज्या, फळं यांवरच राहायचं? म्हणून हा अंक पूर्णपणे त्याच प्रश्नांना दिला आहे.

प्रश्न : आमच्या घरात चौघांचे चार रक्तगट आहेत. माझा ए, यजमानांचा बी, मुलाचा ओ आणि मुलीचा एबी. एका वेलनेस केंद्राने चौघांना चार तक्ते दिले. मला मांसाहार बंद, मुलाला रोज मांस आणि गहू-दूध-डाळी कमी, यांना चिकन, मसूर, टोमॅटो, शेंगदाणे आणि तीळ बंद. एका ओट्यावर चार स्वयंपाक करणं मला जमत नाही. या तक्त्यांना आधार काय? (गृहिणी, नौपाडा)

उत्तर : चार स्वयंपाक करू नका. एकच करा, आणि मुलाच्या ताटातली पोळी, दूध, डाळ आजच परत आणा. वाढत्या वयाच्या मुलाची तिन्ही एकदम कमी केली तर कॅल्शियममध्ये मोठा खड्डा पडतो. या तक्त्यांतलं सर्वांत मोठं नुकसान तेच आहे.

ही कल्पना पीटर डी'अॅडॅमो या अमेरिकन निसर्गोपचारकाने १९९६ साली पुस्तकातून लोकप्रिय केली. त्यांचं म्हणणं असं, की ओ हा सर्वांत जुना, शिकाऱ्यांचा गट, म्हणून त्याला मांस मानवतं. ए शेतकऱ्यांचा, म्हणून शाकाहार. बी पशुपालकांचा, म्हणून दूध चालतं. एबी म्हणजे दोन्हींचं मिश्रण. शिवाय धान्य-कडधान्यांतली लेक्टिन नावाची प्रथिनं 'चुकीच्या' गटाच्या रक्तपेशींना चिकटून गुठळ्या करतात.

यातला इतिहास चुकला आहे. ए आणि बी हे भेद गिबनसारख्या वानरांतही आहेत. ते माणूस शेतकरी किंवा पशुपालक होण्याच्या लाखो वर्षं आधीचे. ओ गट बहुतेक वेळा ए गटाच्या जनुकातलं एक अक्षर गळाल्याने तयार होतो, म्हणजे तो मूळ पुरुष नाही. कार्ल लँडस्टाइनर या शास्त्रज्ञाने १९०१ साली रक्तगट वेगळे ओळखले ते एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळल्यावर गुठळ्या का होतात हे समजून घेताना. त्या शोधाचा जेवणाशी संबंध नव्हता.

तुमच्याच घराकडे बघा. आई ए, वडील बी, आणि मुलं ओ व एबी हे आनुवंशिकतेच्या नियमात अगदी बसतं. रक्तगट ठरवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं. दूध पचवणाऱ्या लॅक्टेजचं जनुक दुसऱ्यावर आहे आणि पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजचं पहिल्यावर. ही तिन्ही मुलांकडे वेगवेगळी वाटली जातात. त्यामुळे मुलाला दूध सोसतं की नाही हे त्याच्या ओ गटावरून कळूच शकत नाही. दूध प्यायल्यावर दोन-तीन तासांत पोट फुगतं का, जुलाब होतात का, यावरून कळतं.

तपासण्याही झाल्या आहेत. २०१३ साली या विषयावरचे चौदाशेहून अधिक संशोधन-संदर्भ चाळून एक आढावा प्रसिद्ध झाला. कसोटीला उतरला तो एकच अभ्यास, आणि तोही ए-बी-ओ गटांचा नव्हता, एमएनएस या वेगळ्या रक्तगट पद्धतीचा होता. रक्तगट आहाराचा फायदा दाखवणारा पुरावा त्या आढाव्यात सापडला नाही.

प्रश्न : माझा ओ गट. तक्त्याप्रमाणे पाव, बिस्किटं, पोळी, चीज सोडलं, भाज्या आणि मासे-चिकन वाढवलं, रोज पामबीचच्या बाजूने पाऊण तास भरभर चालतो. सात किलो वजन उतरलं, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) खाली आली. मग हे खोटं कसं म्हणायचं? (नेरुळ)

उत्तर : वजन खरंच उतरलं आहे आणि त्याचं श्रेय तुमचं आहे. प्रश्न एवढाच, की तुमचा गट बी असता तर ते उतरलं नसतं का? नेमकं हेच टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली तपासलं. १,४५५ माणसांचं रोजचं खाणं नोंदवलं आणि प्रत्येकाचं ताट चारही तक्त्यांशी किती जुळतं ते मोजलं. ए गटाच्या तक्त्यासारखं, म्हणजे भाज्या-फळं-धान्याचं खाणाऱ्यांचं वजन, कंबर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल कमी आढळलं. ओच्या तक्त्यासारखं खाणाऱ्यांची ट्रायग्लिसराइड्स कमी होती. पण खाणाऱ्याचा स्वतःचा गट कोणता, याने काडीचाही फरक पडला नाही. ओ गटाच्या माणसांतही ए च्या तक्त्यासारखं खाणाऱ्यांचे आकडे तितकेच चांगले होते.

म्हणजे तुमच्या बाबतीत काम केलं ते पाव, बिस्किटं, चीज जाण्याने आणि चालण्याने. ते चालू ठेवा. ज्वारीची भाकरी आणि उसळी मात्र परत घ्या. डाळी-कडधान्यांतला विरघळणारा तंतू एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करतो, आणि 'ओ'च्या तक्त्यातली सर्वांत वाईट सूचना ती सोडण्याचीच आहे.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. रक्तगटाचा आरोग्याशी काहीच संबंध नाही असं नाही. ओ गटात रक्त गोठवणारा फॉन विलेब्रँड घटक इतरांपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी असतो, म्हणून शिरांत गुठळी होण्याचा धोका थोडा कमी. ए गटात पोटाच्या कर्करोगाचं प्रमाण किंचित जास्त आढळतं. हे सगळं खरं आहे, पण यातून 'ओ गटाने मटण खावं' असं काही निघत नाही.

प्रश्न : आम्ही मूळचे कणकवलीकडचे. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा कुळथाची पिठी होते. मला सांगितलं, की ए गटाला काही कडधान्यं विषासारखी असतात, त्यातल्या लेक्टिनमुळे रक्त गोठतं. मी पिठी सोडली. बरोबर केलं का? (कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : हा प्रश्न आम्हाला फार आवडला, कारण कुळथाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. कच्च्या कुळथात असं लेक्टिन खरोखरच असतं जे ए गटाच्या रक्तपेशींना चिकटतं. ते इतकं नेमकं आहे, की ए गटाचे ए-१ आणि ए-२ हे उपगट वेगळे करण्यासाठी रक्तपेढ्यांत कुळथाच्या बियांचा अर्क वापरतात. काचपट्टीवर ए-१ पेशींचा थेंब आणि अर्काचा थेंब एकत्र केला, की गुठळ्या दिसतात. ए-२ पेशींबरोबर दिसत नाहीत.

पण तो अर्क कच्च्या बियांचा, मिठाच्या पाण्यात काढलेला असतो, आणि पेशी शरीराबाहेर असतात. तुमच्या कढईत काय होतं ते बघा. कुळीथ भाजून, भरडून, पीठ करून पाण्यात उकळलं जातं. लेक्टिन हे घडी घातलेलं प्रथिन आहे. ओल्या उष्णतेत ती घडी उलगडते, आणि उलगडली की चिकटण्याची जागाच उरत नाही. लेक्टिनचा सिद्धांत ताटातल्या अन्नाला लागू असता, तर ए गटाचा अर्धा कोकण पिठी-भात खाऊन आजारी पडला असता.

पिठी परत सुरू करा, फक्त नीट उकळा. चौघांना ८ मोठे चमचे, म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास पीठ, ५ वाट्या पाण्यात आधी थंडच कालवा, म्हणजे गुठळी होत नाही. लसूण-मिरचीच्या फोडणीवर ओतून, ३-४ आमसुलं टाकून, उकळी फुटल्यावर ८ ते १० मिनिटं मंद आचेवर ढवळत ठेवा. दाटसर झाली की लगेच उतरवणं ही नेहमीची चूक. पीठ दाट होतं ते पूर्ण शिजण्याच्या आधी, आणि मग पोट जड होतं. वाटीभर पिठीत साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. बाळंतिणीला आणि तापातून उठलेल्याला आपल्याकडे हीच देतात, ते उगीच नाही.

प्रश्न : मग लेक्टिनचं भय पूर्ण खोटं का? भिजवलेला राजमा स्लो कुकरमध्ये रात्रभर ठेवला होता, मऊसुद्धा झाला होता. तरी खाल्ल्यावर दोन तासांत घरातल्या तिघांना उलट्या झाल्या. (ऐरोली)

उत्तर : राजम्याचं भय खरं आहे, आणि त्याचा रक्तगटाशी संबंध नाही. राजम्यातलं लेक्टिन, फायटोहीमॅग्लुटिनिन, कोणत्याही गटाच्या पेशींना सारखंच चिकटतं आणि आतड्याच्या अस्तराला इजा करतं. चार-पाच कच्चट दाणेही पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, मग जुलाब. बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो, पण लहान मुलं आणि वृद्ध यांच्या अंगातलं पाणी कमी होत नाही ना हे बघावं लागतं.

स्लो कुकरमध्ये बऱ्याचदा आतलं तापमान ८० अंशांच्या खाली राहतं. त्या तापमानाला दाणा मऊ होतो पण लेक्टिन मरत नाही. अशा अर्धवट गरम राजम्याचा त्रास कच्च्याहून जास्त असू शकतो. मऊपणा ही खूण इथे फसवी आहे. लाल राजम्यात कच्चा असताना २० ते ७० हजार एकक लेक्टिन असतं, नीट उकळल्यावर ते २०० ते ४०० वर येतं.

पद्धत अशी. राजमा ८ ते १२ तास भिजत घाला. मे महिन्यात ठाण्या-नवी मुंबईच्या उकाड्यात तो आंबून फेस येतो, तेव्हा भांडं फ्रिजमध्ये ठेवा किंवा मधे पाणी बदला. भिजवलेलं पाणी फेकून द्या, त्यात शिजवू नका. नव्या पाण्यात कुकरला लावा, ४-५ शिट्ट्या आणि मग मंद आचेवर १५ मिनिटं. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे लेक्टिन टिकत नाही. उघड्या पातेल्यात करायचा असेल तर आधी खळखळून ३० मिनिटं उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. स्लो कुकर हवाच असेल तर ही उकळ आधी द्या. चिंच, टोमॅटो, आमसूल दाणा शिजल्यावरच घाला. आंबटात साल कडक होते आणि मग आपण कंटाळून लवकर उतरवतो.

मोड आलेले मूग कच्चे थोडे चालतात. मोडाची मटकी, वाल, चवळी मात्र वाफवूनच घ्या. कडव्या वालांचं बिरडं सोलून, शिजवून करायची आपली रीत योग्य आहे.

प्रश्न : माझा गट 'बॉम्बे' आहे. कुठल्याच तक्त्यात तो नाही. मी ओचा तक्ता पाळावा का? (सीबीडी बेलापूर)

उत्तर : कुठलाच नको. बॉम्बे गट १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी प्रथम नोंदवला. या गटात ए, बी तर नसतातच, पण ओ गटात असतो तो एच अँटिजेनही (रक्तपेशीवरची खूण) नसतो. नेहमीच्या चाचणीत हा गट ओ म्हणून दिसतो, इतकंच दोघांतलं साम्य. आहाराच्या दृष्टीने त्याचं वेगळं काही नाही. रक्ताच्या दृष्टीने मात्र फार आहे: तुम्हाला ओ गटाचंही रक्त चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच चालतं. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. पाकिटात तसं कार्ड ठेवा, दुर्मीळ रक्तदात्यांच्या यादीत नाव नोंदवा, भावंडांची तपासणी करून घ्या. नियोजित शस्त्रक्रियेआधी स्वतःचं रक्त काढून ठेवता येईल का ते डॉक्टरांना विचारा. तक्त्यापेक्षा या चार गोष्टी तुमचा जीव वाचवतील.

प्रश्न : आम्ही पिढ्यानपिढ्या शाकाहारी. हल्ली 'संपूर्ण वनस्पती आहार' म्हणतात तो आमच्यापेक्षा वेगळा कसा? आणि त्यात प्रथिनं पुरतात का? (खारघर)

उत्तर : वेगळा दोन बाबतींत. एक, त्यात दूध-दही-तूप नसतं. दुसरी बाब जास्त महत्त्वाची: धान्य, डाळ, फळ शक्य तितकं अख्खं खायचं. साबुदाण्याची खिचडी, मैद्याची खारी, फरसाण, वडापाव हे सगळं शाकाहारीच आहे, पण या आहारात बसत नाही. हा फरक किती मोठा आहे ते अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून २०१७ साली दिसलं. अख्खं धान्य, भाज्या, फळं, कडधान्यं, दाणे यांवर भर असलेल्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २५ टक्के कमी होता. साखर, मैदा, गोड पेयं असा 'वनस्पतीजन्य' आहार घेणाऱ्यांत तो ३२ टक्के जास्त होता. शाकाहारी घरांनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा.

त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या गिझबर्न इथला प्रयोग प्रसिद्ध झाला. जास्त वजनाच्या लोकांनी पोटभर पण अख्ख्या वनस्पतींचं, कमी तेलाचं जेवण घेतलं, बी-१२ या जीवनसत्त्वाची गोळी बरोबर. वर्षाच्या शेवटी सरासरी साडेअकरा किलो वजन उतरलेलं होतं, आणि त्यात व्यायामाची सक्ती नव्हती. रक्तगटाचं काय, हेही पुढे तपासलं गेलं. असाच आहार १६ आठवडे घेतलेल्या ६८ जणांची गटवार विभागणी करून बघितली, २०२० च्या अखेरीस निष्कर्ष आले: ए गटाला खास फायदा नाही, ओ गटाला तोटा नाही. हे संशोधक वनस्पती आहाराचे पुरस्कर्ते आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवायला हवं. तरी गटांमधला फरक दाखवण्यात त्यांचा काही लाभ नव्हता आणि लपवण्यातही नव्हता.

प्रथिनांचा हिशेब करू. मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला ५० ग्रॅम. सकाळी ६० ग्रॅम भाजणीची दोन थालीपिठं, ८ ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या, १० ग्रॅम. त्याबरोबर ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, ९ ग्रॅम. मधल्या वेळी मूठभर, २५ ग्रॅम शेंगदाणे, ६ ग्रॅम. रात्री ५० ग्रॅम तांदळाचा भात आणि ३० ग्रॅम तुरीचं वरण, मिळून १० ग्रॅम. वर २० ग्रॅम कोरड्या सोया वड्या भाजीत टाकल्या तर आणखी १०. झाले ५३. भाज्या दिवसाला ४०० ग्रॅम आणि एक-दोन फळं याशिवाय.

गफलत होते ती इथे: बहुतेक घरांत चौघांच्या वरणाला अर्धी वाटीच डाळ असते. माणशी १५ ग्रॅम. मग 'शाकाहारात प्रथिनं नाहीत' असं वाटतं. डाळ आणि कडधान्य मिळून माणशी ८० ते ८५ ग्रॅम कोरडी मोजून बघा, एक आठवडा तरी वजनकाट्यावर.

तेल अजिबात नको, असं या आहाराचे काही कडवे लोक म्हणतात. निरोगी घराला ते गरजेचं आम्हाला वाटत नाही. चौघांना महिन्याला दोन लिटर, एवढ्यात फोडणी उत्तम होते. तळणीचं उरलेलं तेल पुन्हापुन्हा वापरणं मात्र थांबवा. एक मोठा चमचा जवसाची पूड रोज घ्या, ओमेगा-३ साठी. जवस अख्खा खाल्ला तर तसाच बाहेर पडतो, म्हणून दळायचाच. आठवड्यापुरताच दळा आणि बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर खवट वास येतो.

प्रश्न : आम्ही आगरी. मासे सोडले तर ताटात राहतं काय? सुनेने हा आहार सुरू केलाय आणि मला पण आग्रह करते. (घणसोली)

उत्तर : काकी, सोडायची सक्ती नाही. कडक नियमाने बघितलं तर या आहारात मासे बसत नाहीत, पण भाज्या-डाळींवर भर ठेवून आठवड्यातून दोनदा मासे खाणाऱ्यांची तब्येतही चांगली राहते, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. उलट तुम्हाला त्यातून बी-१२ आयतं मिळतं. सुनेला मात्र गोळी लागेल.

बदल करायचा तर तळलेल्या तुकडीऐवजी कालवण करा. सुकट आणि खारे बोंबील कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुवा आणि त्या दिवशी कालवणात मीठ चव बघूनच घाला; रक्तदाब असेल तर महिन्यातून एक-दोनदाच. तिसऱ्या (शिंपल्या) बी-१२ ने भरलेल्या असतात, पण त्या पाणी गाळून जगतात, म्हणून पाण्यातली घाणही साठवतात. कारखान्यांचं सांडपाणी येतं त्या खाडीतल्या नकोत. बाकीचे पाच दिवस वालाचं बिरडं, चवळी, शेवग्याची पानं आणि पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडच्या बायका ठाण्याच्या बाजारात आणतात त्या टाकळा, कुरडू, कंटोली. शेवळं आणाल तर सोबत काकडं घ्यायला विसरू नका, नाहीतर घसा खाजतो.

प्रश्न : दूध सोडून काही महिने झाले. ताक नाही, पण इडलीसारखं आंबवलेलं बरंच खाते. स्पिरुलिना घेते. बी-१२ ची गोळी तरीही लागेल? (वाशी)

उत्तर : लागेल, आणि यात तडजोड नको. बी-१२ जिवाणू बनवतात, वनस्पती नाही. इडली-डोशाच्या आंबवण्यातून भरवशाचं बी-१२ मिळत नाही. स्पिरुलिनात असतं ते बहुतांश नकली रूप, शरीराला निरुपयोगी. यकृतात साठा असल्याने कमतरता लगेच कळत नाही, आणि तेच घातक आहे. मुंग्या येणं, पाय जड पडणं, विसरभोळेपणा, जीभ लाल-गुळगुळीत होणं ही लक्षणं दिसेपर्यंत नसांना इजा झालेली असू शकते. हिरव्या भाज्यांतलं फोलेट भरपूर असलं की रक्त ठीक दिसतं आणि नसा मात्र बिघडत राहतात. आपल्याकडे तर दूध पिणाऱ्यांतही हा प्रश्न आहे. पुण्यातल्या पुरुषांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं.

गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या, कारण नंतरचा आकडा फुगलेला येतो. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता. २०० ते ३०० मध्ये असाल तर होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासा. पातळी ठीक असेल तर आठवड्याला एकूण २,००० मायक्रोग्रॅम किंवा रोज ५० ते १००. रोजची गरज २ च्या आसपास असताना एवढी मोठी गोळी का? एका वेळी आतडं दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट उचलतं, उरलेल्यातून शेकडा एकच आत झिरपतं. कमतरता निघाली तर मात्रा डॉक्टर ठरवतील, काहींना इंजेक्शन लागतं. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी दूध घेत असले तरी ही तपासणी करावी.

प्रश्न : दुधाशिवाय कॅल्शियम आणि मांसाशिवाय लोह कसं भागवायचं? (घोडबंदर रोड)

उत्तर : कॅल्शियमची गरज रोज १,००० मिलिग्रॅम. नाचणीच्या एका भाकरीतून (५० ग्रॅम पीठ) १८० मिळतं, दोन मोठे चमचे तिळाच्या कुटातून २०० च्या वर, शेवग्याच्या ५० ग्रॅम पानांतून दीडशे. पालकाचा आकडा मोठा असला तरी ऑक्झलेटमुळे फार थोडं शोषलं जातं, त्यावर विसंबू नका. उरलेल्यासाठी कॅल्शियमने घट्ट केलेला टोफू किंवा कॅल्शियम घातलेलं सोयादूध घ्या; वेष्टनावर बघा, सगळ्यांत नसतं.

लोहासाठी प्रत्येक जेवणावर लिंबू पिळा किंवा आवळा-पेरू खा, आणि जेवणाआधी-नंतर तासभर चहा नको. जेवण संपताच कपभर चहा घेण्याच्या सवयीने डाळी-भाज्यांतलं बरंचसं लोह वाया जातं. पाळी असणाऱ्या बायकांची गरज २९ मिलिग्रॅम, फक्त आहारातून गाठणं कठीणच. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून गोळी घ्या. मीठ आयोडिनयुक्तच वापरा, सगळं सैंधव नको. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती आणि सोया, कॅल्शियम, लोह यांत चार तासांचं अंतर ठेवा.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि रात्रीचं इन्सुलिन. त्यांना हा आहार एकदम सुरू केला तर? (कळवा)

उत्तर : एकदम नको, आणि डॉक्टरांना न सांगता तर मुळीच नको. आहार काम करतो म्हणूनच धोका आहे. भात-पोळी कमी होऊन उसळी वाढल्या की साखर काही दिवसांतच उतरते, औषध मात्र जुन्याच मापाचं राहतं, आणि रात्री-पहाटे साखर ७० च्या खाली जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वागणं ही लक्षणं दिसली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

सुरुवातीचे तीन आठवडे उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहा, ती डॉक्टरांना दाखवून मात्रा कमी करून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. वॉरफरिन किंवा अॅसिट्रोम (रक्त पातळ ठेवणारी औषधं) चालू असेल तर पालेभाजी रोज साधारण सारखीच ठेवा. एकदम वाढवली तर औषधाचा असर कमी होतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी, केळी, शहाळं, टोमॅटो यांचं माप आहारतज्ज्ञाकडूनच ठरवून घ्या.

प्रश्न : उसळी वाढवल्यापासून पोटाला गुबारा धरतो, ऑफिसात बसवत नाही. काय चुकतंय? (कोपरखैरणे)

उत्तर : वेग चुकतोय. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या तंतूची सवय व्हायला दोन-चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅम सालाची मूगडाळ, दुसऱ्यात मूग-मसूर, तिसऱ्यात मटकी-चवळी, आणि छोले-राजमा-वाल शेवटी. भिजवलेलं पाणी टाका, कारण वायू करणारी साखर त्यात उतरते. फोडणीत हिंग, ओवा घाला, आणि पाणी दिवसाला दोन-अडीच लिटर प्या. डब्यात उसळ आणि कच्ची कोशिंबीर दोन्ही नेत असाल तर काही दिवस कोशिंबीर घरच्या जेवणाकडे सरकवा. महिन्याभरानंतरही त्रास तसाच असेल, किंवा वजन आपोआप घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर उसळीला दोष देत बसू नका, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.